वाढत्या अंगाचा मीटर

माझी मावशी कपडे शिवते. शिवत नसते तेव्हाही तिचं लक्ष शिवणीवरच असतं. कोणी दुःखाची बातमी घेऊन आलं तरी ती आधी त्याच्या बाहीची लांबी बघते आणि मग डोळे पुसते. 'कशी आहेस' असं तिनं मला आजवर विचारलेलं नाही. दारात दंड चिमटीत धरते आणि म्हणते, "दोन बोटं भरलीस." मी शाळेत गणित शिकवते, चाळीस पोरं मला टरकून असतात, आणि या बाईच्या उंबऱ्यावर मी मुकाट पोट आत घेते.

तिचं घर अरुंद आणि दुमजली. खाली रस्त्याकडच्या खिडकीशी मशीन, शेजारी बिनडोक्याचा लाकडी पुतळा, कापायचं लांब टेबल, आणि जिन्याखाली एक ठेंगणं कपाट. त्या कपाटात बटणांच्या पिशव्या आणि पिशव्यांच्या मागे विजेचा मीटर. मीटर वाचायचा तर गुडघ्यांवर बसून, मान तिरकी करून, अर्धं अंग आत घालावं लागतं. काकांचे, म्हणजे तिच्या नवऱ्याचे, गुडघे तरुणपणापासून वाकायचे नाहीत. त्यामुळे दर तीन महिन्यांनी मीटरचा आकडा मावशीनं आणायचा आणि बाकी सगळं काकांनी करायचं, अशी त्या घरातली वाटणी होती.

काका नोंदणी कचेरीत कारकून होते. बिलांच्या दिवशी ते टेबलाशी बसत, मशीन बंद ठेवायला लावत, चष्म्याच्या काचा दोनदा पुसत. मावशी कपाटातून धुळीनं माखून बाहेर येई, खाकी कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा लिहून त्यांच्यापुढे सरकवी आणि आपल्या कामाला लागे. पुढे काय होई ते तिनं कधी पाहिलं नाही. काकांची फाइल होती, तिला फीत होती, फितीला गाठ होती, आणि त्या गाठीच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही असा जणू कायदा होता.

काका गेल्या थंडीत गेले.

दोन महिन्यांनी त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, आईला न्यायला आला. दादा पाच तासांच्या अंतरावर राहतो, गोदामांची आखणी करतो, आणि बोलतानाही मुद्द्यांना आकडे घालतो. त्याच्या सहाव्या मजल्यावरच्या घरात आईसाठी एक खोली रंगवून तयार होती. खोली चांगली होती, सूनही चांगली होती. पण खालच्या मजल्यावरच्यांना आवाज खपत नसल्यानं मशीन मात्र नेता येणार नव्हतं.

"मशीन नाही तर मी तिथं करू काय?" मावशीनं विचारलं.

"एक, आराम करशील. दोन, नातवंडं आहेत."

"नातवंडं शाळेत जातात आणि आराम मला येत नाही."

बरीच ओढाताण झाली. शेवटी दादानं सहा महिन्यांची मुदत दिली. या सहा महिन्यांत घराची बिलं, पत्रं, सगळं वेळेवर आणि बिनचूक झालं, तर तो पुन्हा विषय काढणार नव्हता. एक जरी घोटाळा झाला, तर बॅग भरायची. मावशीच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे ती फक्त "हं" म्हणाली. पण तिचं 'हं' म्हणजे शब्द दिल्यासारखंच असतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. जाताना दादा मला म्हणाला, "डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव." मला त्याचा रागही आला आणि भीतीही वाटली. ती खिडकी आणि ते मशीन सुटलं तर या बाईचं काय उरेल?

मावशीनं पहिलं काम हाती घेतलं ते विजेचं. बिल काकांच्या नावावर होतं, ते आपल्या नावावर करून घ्यायचं. कंपनीचा पाट्यांपासून पाकिटांपर्यंत सगळा कारभार निळा, म्हणून घरात तिला 'निळे' म्हणत. मावशीनं निळ्यांना फोन लावला तेव्हा मी समोरच होते.

"खातेदारांशी बोलायचं आहे," पलीकडचा मुलगा म्हणाला.

"ते नाहीत."

"कधी येतील?"

मावशीनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचल्या. "येणार नाहीत. वारले ते."

"फार वाईट वाटलं. मग त्यांच्या खात्याचा गुप्त शब्द सांगता का?"

"तो त्यांनी मला कधी सांगितला नाही."

"मग खातेदारांनी स्वतःच फोन करायला हवा."

"करतील तेव्हा मलाही जोडून द्या," मावशी म्हणाली. "मलाही बोलायचंय त्यांच्याशी."

मी हसले, मग तिचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. त्यानंतर मृत्यूचा दाखला दोनदा पाठवला. दोन आठवड्यांनी निळ्यांचं पत्र आलं, ते काकांच्या नावानं. 'प्रिय ग्राहक, आपल्या निधनाची वार्ता कळून अतीव दुःख झाले.' मावशीनं ते पत्र दोन बोटांत धरून कात्रीनं उभं कापलं, मग आडवं. "या लोकांच्या विजेवर मी आता इस्त्रीसुद्धा फिरवणार नाही," ती म्हणाली.

मी चौकशी केली तेव्हा कळलं, की बिल स्वतःच्या नावावर घेताना कंपनीच बदलता येते. झालं! पाच कंपन्यांची पत्रकं टेबलावर आली. मी संगणकावर तक्ता मांडून दर, आकार आणि सवलती भरल्या, त्यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. मावशीनं पत्रकं कापडासारखी हातात घेतली, अंगठ्यानं चोळली आणि सरळ उलटी केली. कुठलाही कपडा ती आधी आतून बघते. पहिल्या पत्रकाच्या मागे बारीक अक्षरात होतं, की स्वस्त दर वर्षभरच. "धुतलं की आटणार," ती म्हणाली आणि ते बाजूला फेकलं. दुसऱ्याच्या मागे, मधेच सोडून गेलात तर दंड. तिसरं आणि चौथं तिनं नुसत्या नजरेनं बाद केलं. पाचव्या, पिवळ्या पत्रकाच्या मागची अक्षरं पुढच्याएवढीच मोठी होती. "हे घे." चहा निवायच्या आत तिची निवड झाली. माझ्या तक्त्यातही पिवळेच पहिले आले होते, पण हे मी तिला सांगितलं नाही. माणसानं किती अपमान करून घ्यावा!

अर्ज मी माझ्या फोनवरून भरला. संपर्कासाठी दादाचा ईमेल द्यायचा, ही त्याची अट होती. मग आला मीटरच्या आजच्या आकड्याचा रकाना. मावशी विजेरी घेऊन कपाटात शिरली. पिशव्या खुळखुळल्या, एक शिंक ऐकू आली, आणि ती बाहेर येऊन आपल्या मापांच्या वहीत काहीतरी लिहायला लागली. मग वाचून दाखवलं, "एक्केचाळीस हजार पाचशे छत्तीस."

"नक्की ना?"

"चाळीस वर्षांत माझं माप कोणाला आखूड झालेलं नाही."

गणिताच्या बाईनं या उत्तरावर समाधान मानलं. वर्गात एखाद्या पोरानं असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला वही घेऊन फळ्यापाशी बोलावलं असतं.

पिवळ्यांचं स्वागताचं पत्र मावशीच्या नावानं आलं. आजवर तिला गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या येत, लग्नाची आमंत्रणं येत, पण तीही 'सौ. व श्री.' अशी. छापील पाकिटावर एकटं तिचं नाव हे पहिल्यांदाच. तिनं ते पाकीट पुतळ्याच्या गळ्याशी टाचून ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. दर रविवारी दादाचा फोन येई आणि ती सांगे, "सगळं मापात आहे."

तीन महिने खरंच मापात होतं. मग पिवळ्यांचा माणूस येऊन मीटर वाचून गेला आणि पुढच्या आठवड्यात माझा वर्ग चालू असताना दादाचा फोन आला.

"मीटर मागे गेलाय," तो म्हणाला.

"मीटर मागे जात नाही, दादा."

"तेच कंपनीही म्हणते. सुरुवातीला एक्केचाळीस हजार पाचशे छत्तीस होता, आता एक्केचाळीस हजार चारशे नव्वद आहे. म्हणजे तीन महिन्यांत शेहेचाळीस युनिटं मागे. छेडछाडीचा संशय आहे, शनिवारी तपासनीस येतोय. आणि मीही येतोय."

शाळा सुटताच मी मावशीकडे धावले. पिवळ्यांचं पत्र तिच्याकडेही आलं होतं. चोरीचा आळ घेणारं ते पत्र तिनं मला कौतुकानं दाखवलं. "पण बघ, नाव कसं बिनचूक लिहिलंय."

शनिवारी दादा आला तो भली मोठी रिकामी बॅग घेऊन. ती त्यानं दारामागे ठेवली आणि मावशीनं ती पाहिली.

तपासनीस उंच आणि सुकलेला माणूस होता. तो अर्धा तास कपाटात होता आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या गुडघ्याला एक मोत्याचं बटण चिकटलं होतं. "मीटर ठणठणीत आहे," तो म्हणाला. "सीलही शाबूत. मग सुरुवातीचा आकडा कोणी दिला?"

मी शाळकरी पोरीसारखा हात वर केला. "मी भरला. मावशीनं सांगितला."

मावशीनं वही आणली. पानाच्या डोक्यावर गोल अक्षरात लिहिलं होतं, 'गिऱ्हाईक : वीज'. खाली डावीकडे, 'अंगाचं माप : ४१२३६'. उजवीकडे, 'तयार माप : ४१५३६'.

तपासनीसानं दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं. "हे मधले तीनशे कशाचे?"

"वाढीचे," मावशी म्हणाली. त्याला इतकंही कळत नाही याची तिला कीव आली असावी. "मीटर वाढत्या अंगाचा असतो ना? लहान पोराचा सदरा अंगाबरोबर शिवला तर महिनाभरात तोकडा होतो. तुमच्या हपिसात कागद पोचून काम होईस्तोवर हा वाढणारच. आखूड पडायला नको म्हणून तीनशे जास्त धरले. मी नेहमीच धरते."

मी कपाळाला हात लावला, आणि त्या हाताआड मला हसूही आलं. तपासनीस छताकडे बघत होता. दादा मात्र हसला नाही.

"आई, एकही घोटाळा नाही, असं ठरलं होतं."

"ठरलं होतं," मावशी म्हणाली. तिनं गळ्यातली टेप काढून गुंडाळली आणि टेबलावर ठेवली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. मला ते बघवेना.

"चूक माझी आहे!" मी ओरडले. "वहीत दोन आकडे आहेत हे मी डोकावून पाहिलंसुद्धा नाही. तुला बॅगेत कोणाला घालायचंच असेल तर मला घाल."

"तू लक्ष ठेवणार होतीस," दादा म्हणाला. "दोघी मिळून तुम्हाला एक आकडा धड देता आला नाही."

तपासनीसानं खाकरून विचारलं, "जुन्या कंपनीच्या काळातली एखादी नोंद मिळेल का? पडताळून लगेच दुरुस्ती लिहितो."

"बाबांची फाइल आहे," दादा म्हणाला. "आणतो. बिनचूक काम कसं असतं तेही सगळ्यांना बघता येईल."

फाइल वरच्या फळीवर होती. मावशीनं ती उघडलेली नव्हती. मागे एकदा मी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, की गाठ त्यांनी मारलेली आहे, माझ्यानं सोडवत नाही. दादानं गाठ सोडली. आत खाकी चिटोरे एकावर एक रचलेले होते, मावशीच्या हातचे, तीस वर्षांचे. प्रत्येकावर तिचा गोल अक्षरातला आकडा. प्रत्येक आकड्यावर पट्टीनं मारलेली एक रेघ. आणि शेजारी काकांच्या मोत्यासारख्या अक्षरात दुसरा आकडा.

तपासनीसानं सगळ्यात वरचा चिटोरा वाचला. "वजा तीनशे." दुसरा उचलला. "वजा तीनशे." तिसऱ्यावरही तेच.

दादानं ढीग उलटा केला आणि तळाचा, पिवळा पडलेला कागद काढला. तो मोठ्यानं वाचायला लागला आणि मधेच थांबला. मी तो त्याच्या हातातून घेतला. लिहिलं होतं : 'मीटरवाला येऊन गेला. हिचा आकडा तीनशेने जास्त भरला. मागील दोन वेळाही तीनशेच जास्त होते. यापुढे दर वेळी वजा करावे. हिला सांगू नये.'

मावशीनं चष्मा न लावता, कागद हातभर लांब धरून तो वाचला. मग पुन्हा वाचला.

"मला वाटायचं, मी आणलेला आकडाच ते पुढे पाठवतात," ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "तीस वर्षं! एकदा तरी सांगायचं की नाही माणसानं?" आणि ती रडली. काका गेले त्या दिवशी ती आल्यागेल्याला चहा देत होती, बटणं लावत होती, रडली नव्हती. ती आज रडली, त्या अनोळखी तपासनीसासमोर, आणि मीही रडले.

तपासनीस बिचारा अवघडून गेला. त्यानं अर्जावर दुरुस्ती लिहिली, शिक्का मारला आणि सांगितलं की पिवळ्यांकडचा मामला मिटला, कोणावर ठपका नाही. "फक्त एक आहे. जुन्या कंपनीनं शेवटचं बिल याच वाढीव आकड्यावर केलं असणार. म्हणजे तीनशे युनिटं न वापरताच भरलीत तुम्ही."

मावशीनं डोळे पुसायचे थांबवले. "कोणाला भरली?"

"जुन्या कंपनीला."

"निळ्यांना?"

तिच्या चेहऱ्यावरचं दुःख बघता बघता पार उडालं. तिनं टेप उचलून पुन्हा गळ्यात घातली आणि फोन लावला. सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"खातेदारांशी बोलायचं आहे," पलीकडून आवाज आला. तोच मुलगा असावा.

"खातेदारांचंच म्हणणं सांगतेय," मावशी म्हणाली. "त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय. तुम्हाला त्यांच्याशीच बोलायचं होतं ना? मग घ्या लिहून. दर वेळी वजा करावे. तीनशे. पुढचं लिहू नका, पुढचं घरातलं आहे."

मग तो मुलगा अगदी वेगळ्या आवाजात म्हणाला, "त्या कागदाचा फोटो पाठवाल का? मी स्वतः बघतो." लागतो त्याच्या तिप्पट वेळ लावून तपासनीस आपली अवजारं भरत होता. तो म्हणाला, "माझ्या अहवालाची प्रतही जोडा."

दादा जिन्याच्या खालच्या पायरीवर चिटोऱ्यांचा ढीग मांडीवर घेऊन बसला होता. तपासनीस गेल्यावर तो म्हणाला, "बाबांना कधीच सांगता आलं असतं, की आकडा मीटरवाल्याकडून घेतो, तू राहू दे. तीस वर्षांत त्यांनी हे काम तुझ्याकडून काढून घेतलं नाही. आणि मी..." त्यानं मुद्द्याला आकडा घातला नाही.

"उठ तिथून," मावशी म्हणाली. "सुरकुत्या पडतील."

"कागदांना?"

"पॅंटला."

दुसऱ्या दिवशी दादा एकटाच परत निघाला. बॅग मात्र रिकामी गेली नाही. सहाव्या मजल्यावरच्या त्या खोलीचे पडदे मावशीनं कधीच शिवून ठेवले होते. "हरले असते तर माझ्यासाठी, नाही तर पाहुण्यांसाठी," ती म्हणाली. दारातून दादा वळला. "पुढचा आकडा मला कळव. वजाबाकी मी करीन." पडदे चार बोटं लांब निघाल्याचं त्यानं रात्री फोन करून सांगितलं.

तीन महिन्यांनी आकड्याच्या दिवशी मी शाळेतून थेट तिच्याकडे गेले. यावेळी स्वतः कपाटात शिरायचं असं ठरवूनच गेले होते. पण तिचं सगळं उरकलं होतं. आकडा वाचून झाला होता, पिवळ्यांना कळवून झाला होता, दादालाही. वही टेबलावर उघडी होती. मी या खेपेला डोकावून पाहिलं. डावीकडे अंगाचं माप, उजवीकडे तयार माप, आणि दोन्हीकडे एकच आकडा.

"मावशी, वाढ नाही धरलीस?"

तिनं सुईत दोरा ओवला, गाठ मारली. "वजा करणारा होता तोवर धरली," ती म्हणाली. "आता जास्तीचं कोणाच्या भरवशावर धरू?"

मग मशीन सुरू झालं, आणि उजेड अडतोय म्हणून तिनं मला खिडकीपासून बाजूला व्हायला सांगितलं.